वेळापत्रकातले दोन वार: एम.एस.डब्ल्यू.च्या शिक्षणाचा अनुभव

विभागाच्या सूचनाफलकावर लागलेल्या पहिल्याच वेळापत्रकात आठवड्यातल्या दोन वारांना तासिका नव्हत्या; त्या रकान्यांत ‘क्षेत्रकार्य’ एवढा एकच शब्द आडवा लिहिलेला होता, म्हणजे वर्गाबाहेर संस्थेत किंवा वस्तीत जाऊन करायचे प्रत्यक्ष काम. 2022 ते 2024 अशी दोन वर्षे, म्हणजे चार सत्रे, मी नागपुरात राहून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. या शिक्षणाविषयी मला जे सांगायचे आहे, ते बहुतेक त्या दोन वारांविषयीच आहे. बाकीच्या दिवसांत वर्गात जे शिकवले गेले, ते आजही पुस्तक उघडून वाचता येते.

घाटंजी तालुक्यातल्या कोरडवाहू शेतीवर वाढलेली मी यवतमाळला बी.ए. करून नागपूरला आले. प्रवेशाची हकिगत सांगण्यासारखी नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आणि वसतिगृहाची यादी या सगळ्यांतून विदर्भातल्या खेड्यातले प्रत्येक मूल जाते, तशी मीही गेले. वर्गात निम्म्याहून अधिक मुले-मुली गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, यवतमाळ अशा जिल्ह्यांतली होती, आणि ज्यांच्यासाठी योजना असतात त्यांच्यापैकीच आम्ही बरेच जण होतो. त्यामुळे ‘लाभार्थी’ हा शब्द वर्गात आला की मागच्या बाकांवर थोडी चुळबूळ होई.

पहिल्या सत्रात व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या पद्धती शिकवल्या गेल्या. समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती त्यांच्या मागोमाग आल्या. या विद्येचा जन्मच शहरातला आहे. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी बाल्टिमोरच्या धर्मादाय संघटनेत काम करता करता व्यक्ती सहाय्याची पद्धत घडवली. जेन ॲडम्स यांनी 1889 साली शिकागोत हल हाऊस हे गरीब वस्तीतले सेवाकेंद्र उघडले. आपल्याकडे क्लिफर्ड मॅनशार्ड हे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवत होते आणि त्यांच्याच पुढाकाराने 1936 साली टाटांच्या न्यासातून देशातली समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था मुंबईत सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढे सेवाग्राम झालेल्या खेड्यात, राहायला आले होते. एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन कामांची गाठ अभ्यासक्रमात फारशी पडत नाही. गांधीजी, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज हे सारे ‘पार्श्वभूमी’ या प्रकरणात येतात आणि ‘पद्धती’ सुरू झाल्या की पुस्तक बाल्टिमोर-शिकागोकडे वळते. माझ्या मते याने फार बिघडत नाही, कारण पद्धती उपयोगाच्याच आहेत. फक्त त्या गावात नेताना कुठे अडकतात, हे क्षेत्रकार्यातूनच कळते.

पहिल्या वर्षी माझी नेमणूक शहरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात झाली. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलापुढे सकाळपासून रांग असे. कुणाच्या शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव नाही म्हणून जन आरोग्य योजनेत बसत नाही, कुणाला रुग्णवाहिका हवी आहे, कुणाचा नातेवाईक तपासणीचे कागद घेऊन दुसऱ्याच इमारतीत हरवला आहे. यातले बरेचसे काम कारकुनीचे वाटते आणि वर्गातले काही जण त्याला नाके मुरडत. पण खेड्यातून आलेल्या माणसाला आपले कोण हे त्याच टेबलावर ठरते.

पावसाळ्यात विषबाधेचे रुग्ण येऊ लागले आणि वर्गात ज्याला आम्ही सामाजिक इतिवृत्त म्हणत होतो, म्हणजे रुग्णाच्या घरच्या आणि भोवतालच्या परिस्थितीची नोंद, त्याचा खरा अर्थ लागू लागला. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. त्यामुळे ‘फवारताना लागले’ हे उत्तर आमच्या भागात कुणालाही पटण्यासारखे आहे. तेच उत्तर औषध, म्हणजे कीटकनाशक, प्यालेल्या माणसाच्या घरचेही देतात, कारण त्यांना पोलिसांची धास्ती असते. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आहे आणि तसे नव्हते हे सिद्ध झाल्याखेरीज तिला शिक्षा करता येत नाही; पण हे वॉर्डातल्या नातेवाइकाला ठाऊक नसते. अंगावर उडाले की पोटात गेले, हे डॉक्टरला उपचारासाठी हवे असते, पोलिसाला पंचनाम्यासाठी आणि आम्हाला पुढच्या समुपदेशनासाठी. तीन माणसे एकच प्रश्न तीन कारणांनी विचारतात आणि घरचे तिघांनाही एकच उत्तर देतात. मी फवारणीची माहिती घेण्यापासून सुरुवात करी: पंप कोणता, औषधे किती मिसळली, वारा कोणत्या अंगाने होता, तोंडाला काय बांधले होते. ज्याने खरोखर फवारले आहे तो हे सगळे सांगता सांगता मोकळा होतो. ज्याने फवारलेले नाही त्याची बायको तिसऱ्या प्रश्नापाशी थांबते आणि मग तिला कायद्यातले ते कलम सोप्या शब्दांत सांगता येते. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे ते मला सुचले, एवढेच.

कापूस वेचणीला आला की रुग्णालयात ‘डामा’ वाढतात. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सुटी घेण्याला तिथे सगळे डामाच म्हणतात. त्या अर्जावर अंगठा घेताना कारण लिहावे लागते आणि बहुतेक अर्जांवर ‘घरगुती अडचण’ असे लिहिलेले आढळते. कापूस बोंडातून गळून मातीत चालला आहे आणि मजूर मिळत नाही, एवढे सगळे त्या दोन शब्दांत जाते.

क्षेत्रकार्याची रोजनिशी हा या शिक्षणाचा कणा आहे, असे मी आजही मानते. भेटीच्या दुसऱ्या दिवशी नोंद लिहून द्यायची, पर्यवेक्षक मॅडम पेन्सिलने खुणा करून ती परत देणार आणि मग आठवड्यातून एकदा वैयक्तिक चर्चा. विद्यार्थी तिला ‘आय.सी.’ म्हणत. आमच्या सगळ्यांच्याच नोंदींत ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे’ हे वाक्य हमखास असे आणि मॅडमची पेन्सिल त्याच्याखाली हमखास फिरे. एका वस्तीतल्या घरभेटीच्या नोंदीवर त्यांनी समासात एवढेच लिहिले होते, ‘तुम्हाला दिसले काय ते लिहा.’ मग मी लिहिले, की घरात दोन पोती गहू होता, कूलरचे पाते मोडलेले होते, मोठ्या मुलीला गावी असताना मानव विकास योजनेतून मिळालेली सायकल भिंतीला टेकलेली होती, तिच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती आणि मुलगी आठवडाभर शाळेत गेली नव्हती. हे लिहिताच पुढच्या भेटीत काय विचारायचे, ते आपोआप ठरले. ‘हलाखी’ लिहून झाल्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात ग्रामीण शिबिर झाले. केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावर, आम्ही आठवडाभर मुक्काम केला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिम गटांत मोडतात आणि त्यांच्यासाठीची पीएम-जनमन योजना 15 नोव्हेंबर 2023 रोजी नुकतीच जाहीर झाली होती, त्यामुळे पोडावर सर्वेक्षणाला येणाऱ्यांची वर्दळ होती. आम्ही चावडीसमोरच्या मोकळ्या जागेत रांगोळीने गावनकाशा काढायला सुरुवात केली. लोकांनीच आपल्या गावाची माहिती मांडायची, बाहेरच्याने हातात खडू घ्यायचा नाही, ही सहभागी मूल्यांकनाची रीत आहे. बायकांनी आधी हापशी काढली, मग ती कोणत्या महिन्यापासून हवा फेकते ते सांगितले, मग नाला. रस्ता कुणी काढलाच नाही. एक म्हातारे आजोबा लांबून पाहत होते. ते म्हणाले, “मागच्या साली बी आल्ते असेच पोट्टे. नकाशा काढला अन् कागदावर उतरवून घेऊन गेले. तो कुठी आहे आता?”

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हते. विद्यापीठाच्या शिबिरांबद्दल माझी जी तक्रार आहे, ती नेमकी हीच आहे: शिबिराचा अहवाल गुणांसाठी विभागात जमा होतो, गावाकडे त्याची प्रत जात नाही, आणि पुढच्या वर्षी दुसरी तुकडी त्याच हापशीची तीच माहिती नव्याने गोळा करते. आम्ही त्या वेळी नकाशाच्या तीन प्रती केल्या. एक ग्रामपंचायतीत दिली, एक शाळेत आणि एक आजोबांच्या म्हणण्यावरून चावडीत लावली. श्रमदानाचा कार्यक्रमही रीतीप्रमाणे पार पडला. पोडावरचे लोक आमच्यापेक्षा कितीतरी सफाईने कुदळ चालवतात हे सांगायला नको.

त्याच वर्षी माझे नेहमीचे क्षेत्रकार्य वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेत होते. नागपूरहून पहाटेची एसटी धरली की कामाला वेळेवर पोहोचता येई. वर्धा हा शेतकरी आत्महत्यांमुळे दिलेल्या 2006च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. बाकीचे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम. मला दिलेल्या कुटुंबांत एक ताई होत्या. त्यांच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती आणि ते प्रकरण सरकारी मदतीसाठी ‘अपात्र’ ठरले होते. त्यांचे नाव-गाव मी इथे देत नाही.

पात्र-अपात्र हा शब्द आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण तपासते. नापिकी, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे फेडता न आलेले कर्ज आणि त्या कर्जाचा तगादा यांवर निर्णय होतो. पात्र ठरल्यास 1 लाख रुपयांची मदत मिळते. त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत, अशी 2006च्या शासन निर्णयाची पद्धत आहे. या घरातले कर्ज मात्र कृषी केंद्राची उधारी आणि गावातल्याच एका माणसाकडून व्याजाने घेतलेले पैसे असे होते. परवाना नसलेल्या सावकाराची चिठ्ठी समितीपुढे कर्ज ठरत नाही. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती.

वर्गात आम्ही फेलिक्स बीस्टेक यांची व्यक्ती सहाय्य कार्याची सात तत्त्वे पाठ केली होती आणि त्यांत गोपनीयतेचे तत्त्व परीक्षेत बहुधा विचारले जाई. सेलू तालुक्यातल्या त्या घरात मी गेले की सासूबाई शेजारी बसत, दीर दारात उभे राहत, दोन शेजारणी कामाचे निमित्त काढून येत आणि चहा होईपर्यंत निम्मी गल्ली हजर असे. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. घरी पाहुणी आली म्हणजे तिच्याभोवती बसायचे, ही रीतच आहे. शहरातल्या केंद्रात समुपदेशनाची खोली असते, तिचे दार लावता येते. इथे दार लावून घेतले असते, तर ताईंवर गावाने महिनाभर चर्चा केली असती. एकदा निघताना त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, घरी नका येऊ विचाराले. वावरात या. तिथी बोलता येते.”

पुढचे सगळे काम वावरात झाले. त्या रोजाने कापूस वेचायला जात आणि मी त्यांच्या शेजारची ओळ धरी. पऱ्हाटी छातीपर्यंत उंच असली की वाकलेले माणूस पलीकडून दिसत नाही. दोन बायका शेजारशेजारच्या ओळींत पुढे सरकत असल्या की त्यांचे बोलणे तिसरीला ऐकू जात नाही, आणि हात चालू असल्यामुळे एकमेकींच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. पाठ्यपुस्तक सांगते, की अशिलाच्या डोळ्यांत पाहून ऐकावे. ताई मात्र बोलल्या त्या बोंडाकडे पाहूनच. नवरा त्या रात्री काय बोलला, दिराने सावकाराला काय कबूल केले, धाकटा मुलगा अंथरुणात ओले का करतो, हे सगळे त्या ओळींत निघाले. संध्याकाळी काट्यावर वजन झाले की माझ्या झोळीतला कापूसही त्यांच्याच नावावर लागे, मुकादमाने त्याला कधी हरकत घेतली नाही. नोंद लिहिताना मी ‘भेटीचे ठिकाण’ या रकान्यात ‘शेत’ असे लिहिले, तेव्हा मॅडमनी पेन्सिलने काही खूण केली नाही. पुढच्या गटचर्चेत त्यांनी ती नोंद सगळ्यांना वाचायला दिली.

ऐकून घेतल्याने ताईंना बरे वाटले, हे त्यांनीच सांगितले. पण ऐकण्याबरोबर कागदही चालू होते आणि माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढून शिकवणे ही अभ्यासक्रमातली मोठी उणीव आहे; समुपदेशन एका पेपरात येते आणि शासकीय योजना दुसऱ्या. गावात त्या एकाच संभाषणात येतात. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. एका पालकावर असलेल्या मुलाला त्यात महिन्याला 2,250 रुपये मिळतात आणि त्यासाठी गृहभेटीचा अहवाल व बालकल्याण समितीचा आदेश लागतो. तो अहवाल लिहिताना रोजनिशीची सवय कामी आली. संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला महिन्याला 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला हवा. महिन्याला 1,750 रुपयांत एक घर चालते असे तो दाखला म्हणतो, आणि देणारा व घेणारा दोघेही ते गंभीर चेहऱ्याने मान्य करतात. अपात्रतेच्या फेरविचाराचा अर्जही दिला. तो शेवटपर्यंत एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिला. बालसंगोपनाचे पैसे मात्र माझे क्षेत्रकार्य संपण्याआधी मंजूर झाले.

लघुशोधप्रबंधाचा विषय याच कामातून निघाला: शेती करणाऱ्या एकल महिला आणि जमिनीची नोंद. मुलाखत अनुसूचीच्या पहिल्या मसुद्यात ‘वार्षिक उत्पन्न’ असा प्रश्न होता. चाचणी मुलाखतींतच दिसले, की त्याचे उत्तर कुणाला देता येत नाही. त्याऐवजी ‘या साली कापूस किती क्विंटल झाला, कोणाच्या नावावर विकला, पैसे कोणाच्या खात्यात पडले’ असे तीन प्रश्न घातले आणि प्रबंधाचा सगळा जीव तिथेच सापडला. 2023-24साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,020 रुपये क्विंटल होता. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर सातबारा आणि पीकपेरा पाहून खरेदी होते आणि पैसे जमीनधारकाच्या खात्यात जातात. जिच्या नावावर सातबारा नाही, तिला एक तर सासऱ्या-दिराच्या नावावर कापूस घालावा लागतो, नाहीतर खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला त्याच्या भावाने द्यावा लागतो. नवऱ्याच्या नावावर जमीन असेल, तर तो गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यायची असते; तेरवी, पेरणी, पोरांची शाळा यांत ते तीन महिने कुठे जातात, ते कळत नाही. मार्गदर्शकांनी काय-वर्ग ही संख्याशास्त्रातली चाचणी लावायचा आग्रह धरला, ती लावली. माझ्या मते तिने नवीन काही सांगितले नाही, पण बहिःस्थ परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारले ते तिच्याविषयीच.

शेवटच्या परीक्षेनंतर महिन्याभराची ब्लॉक प्लेसमेंट असते, म्हणजे एका संस्थेत सलग पूर्णवेळ काम. मी ती यवतमाळ जिल्ह्यात केली आणि आता त्याच संस्थेत कंत्राटी नोकरी करते. वकील किंवा परिचारिकेची नोंदणी होते तशी समाजकार्याच्या पदवीधरांची नोंदणी करणारी राष्ट्रीय परिषद आपल्या देशात नाही. 2021च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला आहे, पण गावात काम करणारे त्याच्या बाहेरच आहेत. त्यामुळे जाहिरातीत ‘एम.एस.डब्ल्यू. अथवा कोणतीही पदवी’ असे लिहिलेले असते आणि पगार त्या दुसऱ्या शब्दांप्रमाणे ठरतो.

आता विभागाचे विद्यार्थी माझ्याकडे ब्लॉक प्लेसमेंटला येतात आणि त्यांच्या नोंदींवर पेन्सिल मी फिरवते. ते मे-जूनमध्ये येतात. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बाहेर निघवत नाही आणि जूनमध्ये सगळे गाव पेरणीत असते. माणसे मोकळी भेटतात आणि बोलतात, ती ऑक्टोबर ते डिसेंबर या वेचणीच्या दिवसांत. ब्लॉक प्लेसमेंट तिसऱ्या सत्रात, दिवाळीनंतर ठेवावी आणि शिबिराच्या अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतीला देणे गुणांच्या अटीत घालावे, अशा दोन सूचना मी विभागाला केल्या. त्यांनी त्या लेखी मागितल्या. अभ्यासमंडळाच्या बैठकीआधी पोहोचतील अशा बेताने पाठवल्या आहेत.